दूरवरून शिकवताना ‘चालू घडामोडी’: जळगाव-धुळ्याकडून काही आक्षेप



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, ‘ऑनलाइन शिक्षण संपलं ना आता? मग पुन्हा तेच कशाला?’ शाळा उघडल्या हे खरं. पण आमच्याकडे दूरवरून शिकणं संपलेलं नाही. पुण्याला जाऊन क्लास लावण्याची ऐपत नसलेली मुलं शिरपूर, चोपडा, साक्री, पारोळा इथे घरीच मोबाइलवर भरतीची तयारी करतात. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी दिवसा कामाला जातात आणि रात्री पुस्तक उघडतात. शाळांचे व्हॉट्सॲप ग्रुप २०२० मध्ये निघाले ते अजून चालूच आहेत, आणि रात्री दहा वाजताही त्यावर काहीतरी येऊन पडतं. तेव्हा विषय जुना झालेला नाही.

आम्ही म्हणजे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शिकवणारे चार-पाच जण. कोणी शाळेत, कोणी कॉलेजात, एक निवृत्त. ‘चालू घडामोडी’ या नावाखाली जे साहित्य आम्ही इतक्या वर्षांत पाठवलं, वापरलं, फॉरवर्ड केलं, त्याचं हे परीक्षण आहे. आमचं स्वतःचं साहित्यही त्यात आलं, त्यामुळे थोडी धुणी आमचीही निघतील.

सुरुवात एका पीडीएफपासून करू. हा प्रकार तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. महिना संपला की टेलिग्रामवर येते. वीस-पंचवीस पानं, प्रत्येक पानावर कुठल्या तरी अकॅडमीचा शिक्का तिरपा छापलेला. आत एकेका ओळीचे प्रश्न आणि डॅश देऊन पुढे उत्तर. नेमणुका, पुरस्कार, दिनविशेष, अमुक निर्देशांकात भारत कितवा, तमुक लष्करी सरावाचं नाव काय. मधेच आपला जिल्हा सापडतो. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन केव्हा मिळालं? २०१६. जून २०२१ मध्ये मानांकन असलेली जळगावची केळी कुठे निर्यात झाली? दुबई. किती? २२ टन. झालं. पुढची ओळ कुठल्या तरी बँकेच्या नव्या अध्यक्षांची.

यात माहिती चुकीची नाही, हे आधीच सांगतो. मानांकन २०१६ चंच, त्याची नोंद निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर आहे. दुबईला गेलेला माल रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांचा होता. चूक नाही म्हणूनच हा नमुना निवडला. चुकांनी भरलेल्या पीडीएफवर टीका करणं सोपं असतं. बरोबर असलेली पीडीएफ काय करते ते बघायचं आहे.

रावेरकडच्या एका मुलीला आम्ही ह्या तीन ओळी फोनवर वाचून दाखवल्या. ती पोलीस भरतीची तयारी करत होती, उत्तरं तिला पाठ होती. आम्ही विचारलं, ह्यातून तुला काय समजलं? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘सर, २२ टन म्हणजे दोन गाड्याच ना? सीझनला आमच्या फाट्यावरून तेवढ्या तर चहा पिऊन होईपर्यंत जातात.’

बघा आता. त्या एका वाक्यात किती धडे आहेत. रोज शेकडो टन केळी ज्या भागातून ट्रकने आणि सावदा-रावेरच्या रेल्वेने उत्तरेकडे जाते, तिथल्या दोन गाड्यांची बातमी दिल्लीहून का निघाली? त्या दोन गाड्यांत वेगळं काय होतं? फण्या कापून, धुऊन, खोक्यात भरून, थंड डब्यात चढवलेली केळी आणि घडच्या घड पानांच्या गादीवर रचून नेलेली केळी, यात खर्चाचा फरक किती पडतो? जादा पैसे मिळाले असतील तर कोणाला मिळाले? आणि मानांकन मिळून पाच वर्षं झाल्यावर तिच्या वडलांच्या हातात पडणारा भाव बदलला का? ते रावेर बाजार समितीचा जाहीर भाव बघतात, पलीकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या लिलावात काय फुटलं ते बघतात, आणि प्रत्यक्षात व्यापारी बांधावर येऊन जो आकडा सांगतो तो तिसराच असतो. हे तिघंही आकडे त्या मुलीच्या घरात रोज बोलले जातात. आम्ही जळगाव शहरात बसलेलो, आमच्याकडे त्यातला एकही नव्हता.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. दूरवरून शिकवताना शिक्षकाकडे विद्यार्थ्याचं गाव नसतं. ते विद्यार्थ्याकडेच असतं. ताज्या बातमीचा उपयोग त्या दोन टोकांना जोडायला होऊ शकतो: बातमी आम्ही पाठवायची, ताडून तिने बघायची. डॅश दिलेल्या ओळीत ताडून बघायला जागाच ठेवलेली नसते. उत्तर आधीच येऊन बसलेलं असतं, आणि रावेरच्या मुलीला जे उत्तर तेच रत्नागिरीच्या मुलाला.

सरकारी साहित्याबद्दल दोन शब्द. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत रोज अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली, दीक्षा ॲपच्या लिंका देऊन. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ आली. ‘टिलीमिली’ आम्हाला आवडली होती, अजूनही आवडते. घरातली भांडी, धान्य, अंगण, आजी-आजोबा यांना तिने अभ्यासात ओढलं. घर हीच शाळा मानून कृती करायला लावणं हे त्या काळात सोपं काम नव्हतं. पण घराचा उंबरा ओलांडून पुढे रस्त्यावर काय चाललंय, तिथवर ही मालिका जात नव्हती. ती पाठ्यपुस्तकावर उभी होती. पाठ्यपुस्तकाला आजची तारीख नसते, त्यामुळे हा दोष तिच्यावर टाकता येणार नाही. ते काम आमचं, गावोगावच्या शिक्षकांचं होतं.

आणि रस्त्यावर काय चाललं होतं? मे २०२० आठवा. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यावरून, शिरपूरवरून सेंधव्याकडे जातो. त्या महिन्यात त्या रस्त्याने माणसं चालत होती. मुंबई, भिवंडी, नाशिक सोडून उत्तरेला निघालेली. राज्याच्या हद्दीवर बिजासन घाटाशी हजारोंची गर्दी अडकली होती. शिरपूर तालुक्यातल्या रस्त्यालगतच्या घरांतल्या मुलांनी त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली. काहींनी घाबरून दारं लावून घेतली, तेही खरं. आणि ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रेल्वे रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून रुळाच्या कडेने ते निघाले होते. जायचं होतं भुसावळला. श्रमिक रेल्वे भुसावळहून मिळेल असं त्यांना समजलं होतं.

भुसावळ. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या बातमीत होतं. त्या दिवशी सकाळी आमच्यापैकी एकाने आठवीच्या ग्रुपवर काय पाठवलं होतं ते त्याने नंतर मोबाइलमध्ये शोधून काढलं. जागतिक थॅलेसेमिया दिनाची पाच वाक्यं आणि बहुपदींच्या बेरजेची लिंक. दिन बरोबर होता, ८ मे हाच. बेरीजही बरोबर होती.

आम्ही असं म्हणत नाही की त्याच दिवशी त्या मृत्यूंवर धडा घ्यायला हवा होता. पण आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी नकाशा काढून विचारता आलं असतं: जालना ते भुसावळ दीडशेच्या वर किलोमीटर, माणूस दिवसात किती चालेल? रस्ता सोडून रूळ का धरला असेल? रेल्वे बंद आहे असं त्यांना कोणी सांगितलं असेल, की त्यांनी गृहीत धरलं? ‘श्रमिक रेल्वे भुसावळहून सुटते’ ही माहिती त्यांच्यापर्यंत कशी पोचली, आणि त्यासाठी नाव नोंदवावं लागतं ही माहिती पोचली का? बातमी पोचण्याचा आणि अर्धी पोचण्याचा परिणाम काय होतो, हे त्याहून स्पष्ट कुठे दिसणार होतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण ताज्या घडामोडी शिकवायची खानदेशाची स्वतःची एक जुनी परंपरा आहे आणि ती आपण विसरलो आहोत. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. तिथे ते हाताने लिहून एक दैनिक काढायचे. ‘छात्रालय’ दैनिक. छापखाना नाही, एकच प्रत, भिंतीवर लावलेली. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं. ह्या दैनिकाबद्दल आपण बहुतेकदा गुरुजींच्या कष्टाळूपणाचं उदाहरण म्हणून बोलतो. आम्हाला त्याची रचना महत्त्वाची वाटते. बातमी कोणी निवडली ते वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. अक्षर ओळखीचं होतं. पटलं नाही तर लिहिणारा माणूस पलीकडच्या खोलीत सापडत होता. देशात काय चाललंय आणि छात्रालयात कोणी अंथरूण आवरलं नाही, हे एकाच कागदावर येत होतं, त्यामुळे देशाची बातमी आकाशातून पडल्यासारखी वाटत नव्हती.

तुम्ही म्हणाल, ते एका छपराखाली होतं, दूरवरून नव्हतं. बरोबर. पण दूरवरूनही गुरुजींनी हे केलं. आयुष्याच्या शेवटच्या काळात पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची पत्रं ‘साधना’तून आली, ती आज ‘सुंदर पत्रे’ म्हणून वाचली जातात. झाडं, पाऊस, वाचलेली पुस्तकं आणि जगातल्या घडामोडी एकाच पत्रात येतात. पाठवणाऱ्याचं नाव आहे, तारीख आहे, आणि समोर एक विशिष्ट मुलगी आहे, जिला काय आवडतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. ग्रुपवरच्या पोस्टला ह्यातलं काय असतं?

जाता जाता, ज्या प्रकारच्या मालिकेत आपण आज भेटतो आहोत, म्हणजे बोललेलं उतरवून घेऊन वाचकापर्यंत नेणारी मालिका, तिचा मोठा पूर्वज धुळ्याचाच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. असो. विषयाकडे येतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं अवघड आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. त्या पाच जणांना जमावाने ठार मारलं.

राईनपाड्यात कोणी नेमकी कोणती क्लिप पाहिली होती, त्यात आम्ही शिरत नाही. पण त्या उन्हाळ्यात देशभर अशाच अफवा फिरत होत्या, आणि त्यातल्या एका क्लिपची हकीकत प्रत्येक शिक्षकाने ऐकायला हवी. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, अशी ती क्लिप. ती मुळात कराचीत तयार केलेली जनजागृतीची चित्रफीत होती, मुलं सांभाळा हे सांगणारी. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. दृश्य एकही खोटं घातलं नाही, फक्त शेवट कापला. परीक्षण शिकवायचं तर ह्याहून नेमका नमुना कुठे मिळेल? जे दिसतंय ते खरं की खोटं एवढंच विचारून भागत नाही. ह्याच्या आधी काय होतं, पुढे काय होतं, हे कोणी काढलं आणि मला कोणी पाठवलं, हे विचारावं लागतं.

राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. एप्रिल २०२० मध्ये बऱ्याचदा फिरलेल्या संदेशांसाठी ती मर्यादा एकावर आणली. म्हणजे कंपनीने तिच्यापुरता काहीतरी बदल केला. आमच्या शिकवण्यात काय बदललं? आम्ही स्वतःपुरतं सांगतो. काहीही नाही. २०१८ मध्ये हळहळलो, एक दिवस परिपाठात बोललो, पुढे चाललो. आणि दोन वर्षांच्या आत त्याच व्हॉट्सॲपवर, त्याच तालुक्यांत, शाळाच भरवली.

ती शाळा कशी होती ते आठवून बघा. वरून लिंक आली. केंद्राच्या ग्रुपवरून शाळेच्या ग्रुपवर, तिथून वर्गाच्या ग्रुपवर. कोणी केली, केव्हा केली, का केली, काही नाही. ‘फॉरवर्डेड’ एवढीच खूण. आम्ही ती पुढे ढकलायचो, मुलं अंगठा दाखवायची, आम्ही अंगठे मोजून अहवाल भरायचो. ज्या मुलाने लिंक उघडून ‘सर, हे बरोबर वाटत नाही’ असं विचारलं असतं, त्याला आम्ही काय म्हटलं असतं? ‘ग्रुपवर चर्चा नको.’ हे वाक्य आमच्या ग्रुपच्या नियमांत होतं, तिसऱ्या क्रमांकावर. अफवेचा संदेश जसा स्वीकारला जातो तसाच अभ्यास स्वीकारायची सवय आम्ही लावत होतो. वरची ती निर्दोष पीडीएफही तेच करते. तिच्यातली माहिती खरी असेल, पण ती घ्यायची रीत तीच: आलं, उघडलं, मानलं, पुढे पाठवलं.

मग आम्ही वेगळं काय केलं? थोडं केलं, अडखळत केलं. त्यातलं एक फसलं, ते आधी सांगतो.

जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा कोरोनाचा मृत्युदर देशभर चर्चेत होता. आम्हाला वाटलं, शेकडेवारी शिकवायला ह्याहून जिवंत उदाहरण नाही. रोजच्या प्रशासकीय अहवालातले आकडे द्यायचे, भागाकार करायला लावायचा आणि मग खरा प्रश्न विचारायचा: छेदात कोण आहे? ज्यांची तपासणीच झाली नाही ते कुठे गेले? तपासण्या वाढल्या तर टक्का का उतरतो? धडा म्हणून तो चांगला होता, आजही आम्ही तसंच म्हणू. पहिल्या दिवशी ग्रुप कॉलवर आठ-दहा मुलं. गणित सुटलं, चर्चा रंगली. एक मुलगा मध्येच बंद झाला. आम्हाला वाटलं रेंज गेली. चार दिवसांनी कळलं, त्याच आठवड्यात त्याचे आजोबा गेले होते, दवाखान्यातच. आमच्या अंशातल्या आकड्यात ते होते.

वर्गात असतो तर त्याचा चेहरा बघून थांबलो असतो. दूरवरून चेहरा नसतो. बातमी जितकी दाराजवळची तितकी ती शिकवायला चांगली, असं आम्ही मघापासून सांगतोय. तीच बातमी दाराच्या आतही गेलेली असू शकते. तेव्हापासून जवळची बातमी घ्यायची तर आधी एकेकाला फोन करतो. वेळ जातो, खूप जातो. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर हे जमत नाही, हे आम्ही कबूल करतो. मग ती बातमी सोडतो.

जमलं ते रेडिओवर. कारण साधं होतं. ‘असर’च्या २०२० च्या फोनवरच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये तो आकडा ३६.५ होता. वाढ मोठी आहे, पण ‘घरी’ हा शब्द नीट वाचा. घरचा फोन सकाळी वडलांबरोबर शेतात जातो, संध्याकाळी मोठा भाऊ घेऊन बसतो. साक्रीकडचा एक मुलगा आम्हाला सांगायचा, ‘सर, फोन शे, पण मना हातमा नही शे.’ त्याच्याइतकं नेमकं आम्हाला कोणत्याही अहवालात सापडलं नाही. तर आम्ही आकाशवाणीचं मराठी बातमीपत्र धरलं. दहा मिनिटं, ठरलेली वेळ, डेटा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ते फॉरवर्ड करता येत नाही. ऐकायचं, वहीत लिहायचं.

पाच मुलांना एकच बातमीपत्र ऐकून मुख्य तीन बातम्या लिहायला सांगितल्या. संध्याकाळी साध्या फोनवर एकेकाकडून वाचून घेतल्या. पाच वह्यांत तीन सारख्या नव्हत्या. एकाने धरणाच्या विसर्गाची बातमी पहिली लिहिली, कारण त्याचं घर तापीच्या काठी, हतनूरचे दरवाजे उघडले की त्यांच्याकडे दवंडी पिटते. एकीने ती लिहिलीच नव्हती. एकाने आकडा चुकीचा ऐकला होता, आणि तो चुकला हे दुसऱ्याच्या वहीवरून समजलं, आमच्याकडून नाही. ‘तू ही बातमी का सोडलीस?’ हा प्रश्न मुलं एकमेकांना विचारायला लागली, तेव्हा आम्हाला वाटलं की आता काहीतरी चाललंय. संपादक म्हणजे काय हे त्यांना व्याख्येवरून शिकवायची गरज पडली नाही.

दुसरं एक केळीवरूनच. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडे केळीवर सीएमव्ही आला, कुकुंबर मोझॅक व्हायरस. लोक त्याला हरण्या म्हणतात. शेतकऱ्यांनी रोपं उपटून फेकली. एकीकडे माणसांचा विषाणू, एकीकडे केळीचा. तिथल्या मुलांना आम्ही काम दिलं: पेपरमधली एक बातमी घ्यायची आणि तिच्यातली तीन वाक्यं स्वतः जाऊन तपासायची. रोग मावा कीडीने पसरतो असं लिहिलंय, तर मावा दिसतो का? काकडी, वांगी, मिरची शेजारी लावलेल्या शेतात जास्त आहे का? बातमीत ‘शेतकरी म्हणतात’ असं आहे, तर किती शेतकरी, कोणते? एका मुलाने फक्त व्हॉइस मेसेज पाठवला, मागे वाऱ्याचा आवाज. तो म्हणाला, पेपरमध्ये फोटो ज्या शेताचा आहे ते आमच्या गावचं नाही, आमच्या गावाचं नाव टाकलंय. त्याने ते कसं ओळखलं? फोटोतल्या विहिरीवरून. आमच्या गावात तसं कठडं नाही, म्हणाला.

आता एक आक्षेप आमच्यावर येतोच, आणि तो रास्त आहे. तुमचं ठीक आहे, पण पोरांना भरतीत मार्क पाहिजेत. धुळ्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलाला तुम्ही छेदात कोण आहे ते विचारणार, आणि परीक्षेत येणार ‘जळगाव केळी, मानांकन, कोणतं वर्ष’. त्या मुलाच्या घरी पगार येणं न येणं त्या एका मार्कावर असू शकतं. आम्ही त्या पीडीएफची चेष्टा करत नाही. आमच्यापैकी दोघांनी स्वतः अशा पीडीएफ तयार केल्या आहेत, आणि मुलं त्यावर पासही झाली आहेत. पण मग तिला उजळणीचा कागद म्हणा, शिकवणं म्हणू नका. आणि परीक्षाही एका जागी थांबलेल्या नाहीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तिथे दोनशे शब्दांत भूमिका मांडायची आहे, डॅशच्या पुढे काही छापलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेली हुशार मुलं पहिला परिच्छेद तारखांनी भरून टाकतात आणि दुसऱ्या परिच्छेदाला अडतात. त्यांचं वाचन कमी नाही. एखाद्या बातमीशी भांडायची वेळ त्यांच्यावर आलेलीच नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली: ‘शिक्षकाने राजकीय बातमी ग्रुपवर घ्यावी का?’ ग्रुपवर घेऊ नका, हे आमचं मत. लेखी पोस्ट कापून कुठेही जाते, मघाच्या त्या क्लिपसारखीच. फोनवर घ्या, किंवा दोन वर्तमानपत्रांतले एकाच दिवसाचे मथळे शेजारी ठेवून, कोणी कोणता शब्द वापरला एवढंच विचारा. मुलं पुढचं बोलतात.

दुसरी चिठ्ठी: ‘राईनपाड्याची घटना मुलांना शिकवता का?’ साक्री तालुक्यात नाही शिकवली. तिथल्या मुलांची नाती त्या परिसरात आहेत, दोन्ही बाजूंचं दुःख त्यांच्या घरात आलेलं असू शकतं, आणि फोनवरून ते पेलायची आमची तयारी नाही. दुसरीकडे दहावीच्या पुढच्या मुलांबरोबर एकदा घेतली. मारहाणीचं वर्णन काहीही दिलं नाही. एकच प्रश्न दिला: मुलं पळवणारे आले आहेत असा संदेश हातात असलेला माणूस त्या बाजारात उभा आहे. खरं काय ते कळायला तो कोणाला फोन लावू शकला असता? यादी करा. मुलांनी लिहिलं: पोलीस पाटील, सरपंच, पिंपळनेरचं पोलीस ठाणं, बाजारातला रोजचा दुकानदार. एका मुलीने लिहिलं, आशाताई. का विचारलं तर म्हणाली, ‘गावातलं कोणतं पोर कुठे आहे ते तिलाच माहीत असतं. कोणाचं हरवलं असतं तर पहिला फोन तिलाच आला असता.’

आमच्या यादीत आशाताई नव्हत्या.